ज्ञानदाताईंची फुगडी

“...आणि देह पडल्यावर जीव कुठं जातो, ते सांगू का, बाबा?”

हे विचारणारी मुलगी आठ वर्षांची होती. डोक्याला भगवा फेटा, गळ्यात उपरणं, कपाळभर गंध. हात असे जोडलेले की समोरच्यालाच उगाच उठून उभं राहावंसं वाटावं.

दशरथबाबा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“नको. तू जेवलीस का, ते सांग.”

मुलगी गडबडली. तिनं बापाकडं पाहिलं. हा प्रश्न तिच्या तयारीतला नव्हता.

मी देवळाशेजारच्या त्या खोलीत भिंतीला टेकून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होतो. माझं नाव लिंबाजी. बाबांच्या मागं पखवाज वाजवण्यात माझं आयुष्य गेलं. बोलायचं काम बाबांचं, ठोकायचं माझं. पण त्या दुपारी जे झालं ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

बोरगव्हाणात सप्ताह चालू होता आणि दुसऱ्या दिवशी काला होता. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा शेवट. त्यात देवाचं लहानपण सांगायचं, त्याचे खेळ सांगायचे, खोड्या सांगायच्या, मग दहीहंडी फोडायची आणि सगळ्या गावानं प्रसाद खायचा. हे कीर्तन दरसाल बाबाच करायचे. यंदा फ्लेक्सवर बाबांच्या शेजारी या मुलीचा फोटो आला होता. बाबांच्या फोटोपेक्षा मोठा. ते मला झोंबलं होतं, खोटं कशाला बोलू?

मुलीचं नाव ज्ञानदा. फ्लेक्सवर लिहिलेलं, बालकीर्तनकार ज्ञानदाताई. मोबाईलवर लाखो लोक तिला ऐकतात म्हणे.

बाप अंगदराव काकडे. माणूस वाईट नव्हता. चपला लांब काढून आला, बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. फक्त उजव्या हातातला मोबाईल तेवढा त्यानं खाली ठेवला नाही. नमस्कारसुद्धा एका हातानंच झाला.

“महाराज, हिला पदरात घ्या,” तो म्हणाला. “शिष्या करून घ्या. उद्या काल्याला हिला उभी करू. तुम्ही नुसते मागं राहा. तुमचा हात हिच्या डोक्यावर आहे, एवढं लोकांना दिसलं म्हणजे झालं.”

“शिकली कुणाकडं?”

“कुणाकडंच नाही! मोबाईलवर. पाळण्यातनं उतरली तशी तिच्या हातात मोबाईल आहे. जेवताना कीर्तन लावून द्यायचो, म्हणजे घास तरी जायचा. एक दिवस बघतो तर काय, अख्खं कीर्तन तोंडपाठ. हातवाऱ्यांसकट!”

“घरी काय म्हणता तिला?”

“ज्ञानदाताईच म्हणतो, महाराज. सवय राहावी म्हणून.”

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे मुलीपुढं धरले. तिनं ते प्रसाद घ्यावा तसे घेतले, कपाळाला लावले आणि मुठीत धरून ठेवले. खाल्ले नाहीत.

“ताई, महाराजांना ते सांगा ना,” अंगदराव म्हणाला आणि मोबाईल वर धरला. “लेक सासरी निघते ते.”

मुलीनं उपरणं सावरलं, मोबाईलकडं तोंड केलं आणि सुरू झाली. लेक निघाली की बापाचं काय होतं, आई चुलीपुढं कशी बसून राहते, हा संसार म्हणजे कसा सगळा फसवा बाजार. आवाज गोड, शब्द एक चुकेल तर शपथ. पंगतीच्या स्वयंपाकाला आलेल्या बाया कामं टाकून दाराशी आल्या आणि पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. मीही लेकी सासरी धाडल्यात. मीही कणकेच्याच हातानं डोळे पुसले.

“बघा!” अंगदराव हळूच म्हणाला. “दर वेळी रडतात.”

बाबांनी मुलीला विचारलं, “का रडतात गं त्या?”

“आवाज खाली घ्यायचा,” मुलगी म्हणाली. “मग थांबायचं. मग मोबाईलकडं बघायचं. की रडतात.”

बायांनी पदर खाली घेतले. एकमेकींकडं पाहिलं आणि पोळ्या करपतील म्हणून आत निघून गेल्या.

दारात गावातल्या तीन-चार पोरी तेवढ्या राहिल्या. मोबाईलमधली ताई खरी कशी दिसते ते बघायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या फ्रॉकचा खिसा बोरांनी फुगला होता.

बाबा पुन्हा शेंगा फोडायला लागले.

अंगदराव चुळबुळला. “महाराज, काही विचारा ना तिला. कठीणातलं कठीण विचारा.”

“विचारतो. काल्यात देव काय करतो, बाळा?”

“खेळतो. चेंडू खेळतो, हुतूतू खेळतो, फुगडी घालतो.”

“फुगडी म्हणजे?”

“फुगडी म्हणजे जीवाची आणि शिवाची भेट, बाबा. एक हात ज्ञानाचा, एक हात भक्तीचा. दोघं गरगर फिरतात आणि मीपणा बाहेर फेकला जातो.”

अरे बापरे, मी मनात म्हटलं. एवढं मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी इतकी वर्षं काल्याला पखवाज बडवतोय.

“वा!” बाबा म्हणाले. शेंगांचं ताट सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, घालू.”

“काय?”

“फुगडी.”

“बाबा, गुडघा!” मी ओरडलो. डॉक्टरनं पायऱ्या चढायलासुद्धा बंदी केली होती. बाबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. धोतर खोचलं आणि मुलीपुढं उभे राहिले.

मुलीनं दाणे उपरण्याच्या टोकाला बांधले आणि दोन्ही हात पुढं केले. सरळ. पसाभर काही मागावं तसे.

दारातल्या पोरी फिसकन हसल्या.

“असे नाही गं,” बोरांवाली म्हणाली. “हाताची फुली कर.”

मुलगी लाल झाली. तिनं बापाकडं बघितलं. बाप मोबाईलमधून बघत होता.

“ताई, आपली फुगडी घालायची राहूनच गेली की!” अंगदराव कसनुसं हसला. “वेळच नाही हो मिळत, महाराज. शाळा, पाठांतर, शूटिंग...”

“हातावर हात टाक,” बाबा म्हणाले. “हां, असे. आता पाय जुळव. माझ्या पायाला तुझे पंजे लाव. आणि मागं झुक.”

“मागं?”

“मागं.”

“पडेन ना!”

“मी धरलंय.”

“तुम्ही सोडलं तर?”

“मग दोघंही पडू.”

देह पडल्यावर जीव कुठं जातो हे सांगणारी पोर मागं झुकायला मात्र भीत होती. अंग ताठ, मान ताठ. हळूहळू बाबांनी पाय सरकवायला सुरुवात केली. मी बसल्या बसल्या पखवाजावर हात ठेवला. कणीक अजून ओली होती. म्हटलं, जाऊ दे, वाजेल तसं वाजेल.

एक फेरा झाला. दुसरा झाला. आणि मला दिसलं की पोर प्रत्येक फेऱ्याला मान वळवून मोबाईल शोधतेय. तोंड हसरं करून तिकडं दाखवतेय. लगेच मोबाईल मागं जातोय, ती पुन्हा मान वळवतेय.

“माझ्याकडं बघ,” बाबा म्हणाले.

“मग तिकडं कसं दिसणार?”

“माझ्याकडं बघ, बाळा. भोवळ येईल.”

तिनं ऐकलं नाही. पुन्हा मान फिरवली. पाय पायात अडकला आणि हात सुटले. बाबा भिंतीला जाऊन धडकले आणि ज्ञानदाताई जमिनीवर आपटल्या. फेटा सुटून तिसरीकडं गेला.

मी पखवाज सोडून अर्धवट उठलो.

फेट्याखाली दोन बारक्या वेण्या होत्या. एकीची रिबीन सुटलेली. मी पहिल्यांदा पाहिलं की पोर किती एवढीशी आहे.

“कट, कट! हे नको घ्यायला!” अंगदराव म्हणाला. तिथं दुसरं घेणारं कोणीच नव्हतं, स्वतःलाच म्हणाला बिचारा.

मुलीनं बापाकडं बघितलं. आता कुठलं तोंड करायचं, ते तिला कळेना. रडायचं? की हात जोडायचे? बापालाही सुचेना. मग तिनं भिंतीला टेकलेल्या बाबांकडं बघितलं. बाबांचं उपरणं डोळ्यांवर आलं होतं आणि ते त्याच्याखालून ठो ठो हसत होते.

तीही हसली.

आधी नाकातून, मग पोटातून. बसल्या जागी मागं कलंडली आणि हसत राहिली. ते हसू काही गोड नव्हतं. मध्येच घोरल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजानं ती आणखी हसायची. दारातल्या पोरीही हसायला लागल्या, मीही लागलो.

“परत!” ती म्हणाली. “बाबा, परत!”

“माझं झालं आता,” बाबा गुडघा चोळत खाली बसले. “त्या पोरींना विचार.”

मुलगी उठली, दाराकडं दोन पावलं गेली आणि थांबली. मग परत आली आणि बाबांच्या कानाशी वाकली. पण तिला हळू बोलायची सवय कुठली? सगळ्यांना ऐकू गेलं.

“त्यांना काय म्हणायचं?”

मला भरून आलं, खरं सांगतो. चार तास न थांबता बोलणारी पोर ही.

“म्हण, मला घेता का?” बाबा तिच्या कानात म्हणाले.

“बस एवढंच?”

“एवढंच.”

ती दारात गेली. उपरणं हातात गोळा केलं.

“मला... मला घेता का?”

“ये की!” बोरांवाली म्हणाली. “पण राज्य तुझ्यावर हं.”

“राज्य म्हणजे?”

पोरींनी उत्तर द्यायची तसदी घेतली नाही. तिचा हात धरला आणि ओढत देवळापुढच्या पटांगणात नेली. गेली सगळी वरात.

फेटा जमिनीवरच पडला होता. अंगदरावनं तो उचलला, झटकला, आणि मांडीवर घेऊन दाराशी बसला. बाहेर कुणीतरी कुणाच्या मागं धावत होतं. किंचाळणं चाललं होतं. मध्येच ते घोरल्यासारखं हसू आलं.

“ही... ही आमचीच हसतेय का?” त्यानं मला विचारलं.

“मग कोण?”

“अशी हसते ती?” तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, “मला माहीतच नव्हतं.”

मोबाईल त्याच्या हातातच होता. काच काळी झाली होती. मी म्हटलं, “घ्या की मग. एवढं छान चाललंय.”

त्यानं मोबाईलकडं पाहिलं, पटांगणाकडं पाहिलं. पुन्हा मोबाईलकडं. मग तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वर हात ठेवून बसला. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

“महाराज,” तो बाबांकडं न बघता म्हणाला, “लहानपणी मला कीर्तनाचं फार वेड होतं. पण चार माणसं बसलेली दिसली की माझी बोबडी वळायची. कुणी हसलं तर? म्हणून हिला म्हटलं, घाबरायचं वयच यायच्या आधी तयार करू. माझ्यासारखी मागं राहायला नको. चुकलं का हो माझं?”

बाबांनी शेंगांचं ताट पुढं ओढलं. त्यातली मूठभर अंगदरावच्या हातात दिली.

“खा.”

तो खायला लागला. टरफलं फेट्यात पडत होती, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

ऊन उतरलं. आतून आमटीचा वास यायला लागला. पटांगणात आता फुगडी चालली होती. आमच्या ज्ञानदाताई बोरांवालीशी फुगडी धरून होत्या, हातांची फुली पक्की, मान मागं, वेण्या सुटलेल्या. तिला कुणाकडंच बघायचं नव्हतं, फक्त समोरचीकडं. मी पखवाज उंबऱ्यापर्यंत ओढत नेला आणि ठेका धरला. वय झालंय माझं, पण हात थांबेनात.

पोर धापा टाकत पाण्याला आली. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली, अर्धं पाणी अंगावर.

“पप्पा, उद्या पण आहे का?”

“हो. उद्या सकाळी काला आहे ना, ताई. तुमचं कीर्तन...”

“ते नाही हो. फुगडी! फुगडी आहे का उद्या?”

अंगदरावनं तिच्या हनुवटीवरचं पाणी बोटानं निपटलं.

“आहे,” तो म्हणाला. “जा तू. पड सावकाश.”

ती गेली. सावकाश कसली, उंबऱ्यालाच ठेचकाळली आणि तशीच पळाली.

तो बाबांच्या समोर येऊन बसला. दोन्ही हात मोकळे होते. या वेळी नमस्कार दोन्ही हातांनी केला.

“उद्या तुम्हीच उभे राहा, महाराज.”

“राहीन.”

“पण पंचक्रोशीतनं माणसं येतील. मोबाईलवर वाट बघत बसतील ते वेगळेच. फ्लेक्सवर तिचा फोटो आहे. सगळे मला विचारणार, ताई कुठं आहेत म्हणून. मी काय सांगू?”

बाबांनी शेवटची शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

“सांगा, खेळायला गेलीय.”