चिलखताच्या आत

“मग मी काय करायला हवं होतं, वस्ताद? ती फळी नायकाच्या हातात द्यायची होती?”

भार्गवीचा आवाज तालमीच्या पत्र्यावर आदळून परत आला. दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. दांडपट्टा मांडीवर आडवा घेऊन ते त्याच्या पात्याला तेल लावत बसले होते.

“कसली फळी?”

“तलवार म्हणे. दाराच्या फळीएवढी रुंद. खरी असती तर उचलायला दोन माणसं लागली असती.”

“बरं…”

भार्गवी सरनोबत याच तालमीत पहिल्यांदा लाठी फिरवायला शिकली. आता ती ऐतिहासिक सिनेमांसाठी शस्त्रं घडवायची. मुठीचा घाट, पात्याचा बाक, ढालीवरची फुलं, सगळं त्या काळातलंच हवं, असा तिचा हट्ट. त्या हट्टानेच तिचं नाव झालं होतं, आणि नावामागून ताठाही आला होता. या सिनेमासाठी तर तिने वर्षभर खपून एक चिलखत विणलं होतं. कडीत कडी अडकवलेलं, प्रत्येक कडीचं टोक रिव्हेटनं ठोकलेलं.

आज सकाळी पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर लढाईची तयारी चालली असताना दिग्दर्शकाने ते चिलखत बाजूला ठेवायला सांगितलं. नायक उघड्या छातीनं लढणार, हातात ती फळी, अंगावर नुसती एक चामड्याची वादी!

भार्गवीने ऐकून घेतलं. मग एकेक शस्त्र गोळा केलं. अगदी मागच्या रांगेतल्या सैनिकाच्या हातातला भालासुद्धा काढून घेतला, सगळं टेंपोत भरलं आणि तडक इथे आली. तिकडे अख्खं सैन्य रिकाम्या हातांनी बसून होतं.

“दिग्दर्शक काय म्हनला?” वस्तादांनी विचारलं.

“लोक इतिहास बघायला येत नाहीत, छाती बघायला येतात.”

वस्ताद गालात हसले.

“हसू नका. पुढचं ऐका. म्हणाला, चिलखत भित्र्यांसाठी असतं. वीराला कशाला लागतंय?”

“मग? तू काय सांगितलंस?”

“सांगितलं की, कड्या बघा, मूठ बघा. लढणारी माणसं हेच घालायची. विश्वास नसेल तर वस्तुसंग्रहालयात जाऊन डोळ्यांनी बघा. हे नसेल, तर माझी एक टाचणीसुद्धा तुम्हाला मिळणार नाही.”

“त्ये झालं. पन त्यानं इचारलं हुतं येगळंच.”

“त्याला काय उत्तर द्यायचं? मूर्खपणा आहे नुसता.”

वस्ताद कापडाने पातं पुसत राहिले.

भार्गवीच्या खिशातला फोन वाजला. तिने दिग्दर्शकाचं नाव पाहिलं आणि कॉल कापला.

“उद्या दुसरा कुणी येईल, प्लास्टिकची शस्त्रं घेऊन. येऊ दे. काम गेलं तरी चालेल, मी वाकणार नाही.”

“वाकू नगंस.”

तिला बरं वाटलं. एवढंच ऐकायला ती आली होती. ती उठणार, तेवढ्यात वस्ताद म्हणाले,

“चिलखत कुठाय?”

“टेंपोत.”

“घाल.”

“मी?”

“मग काय मी?”

तिने आधी कापूस भरलेली जाड बंडी चढवली, वरून चिलखत. खांदे एकदम खाली ओढल्यासारखे झाले. ती लाल मातीत येऊन उभी राहिली. वस्तादांनी तिच्याच टेंपोतून आणलेली सरळ पात्याची तलवार म्यानातून काढली.

“धार हाय हिला?”

“आहे. खोटं काम मी करत नाही.”

“आन् चिलखत?”

“तेही खरं. तुमचा वार लागायचा नाही.”

“ब्येस.”

सत्तरी ओलांडलेला तो हात वर गेला. कधी गेला ते तिला दिसलंही नाही. कड्या खणखणल्या आणि डाव्या खांद्यावर कुणी धोंडा टाकल्यासारखं झालं.

एकही कडी तुटली नव्हती. भार्गवी मात्र दोन पावलं मागे गेली होती.

“लागलं?”

“नाही.”

“मग डोळं का मिटलंस?”

भार्गवीने खांद्यावरच्या कड्या चाचपल्या.

“लागनार न्हाई, हे तुला म्हाईत हुतं.”

“हो.”

“कड्या तूच इनल्यास.”

“हो, वस्ताद.”

“मग?”

बाहेर रस्त्यावरून एक बुलेट धडधडत गेली.

“भीती वाटली,” ती म्हणाली. शब्द तोंडातून ओढून काढावा लागला.

वस्तादांनी तलवार खाली केली.

“थांबा,” भार्गवी म्हणाली. सरकलेलं चिलखत तिने खांद्यावर नीट केलं आणि दोन पावलं पुढे येऊन पहिल्या जागी उभी राहिली. “परत मारा.”

“ऱ्हाऊ दे.”

“मारा म्हणते ना!”

वस्तादांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मारलं. मघापेक्षा जोरात.

कड्या खणखणल्या. भार्गवीच्या ओठाला दात लागून रक्त आलं होतं. डोळे उघडे होते.

“काय दिसलं?”

“पातं… येताना दिसलं.”

“भ्या?”

“तेवढंच. मघाइतकंच.”

“आन् पाय?”

तिने खाली पाहिलं. टाचा मातीत रुतल्या होत्या.

“जागेवर आहेत.”

“कड्या न्हेल्यास. ह्ये भ्या आन् ह्ये पाय न्हेलं हुतंस काय गं पठारावर?”

फोन पुन्हा वाजला. या वेळी भार्गवीने तो उचलला. पलीकडे दिग्दर्शक ओरडत होता. तिने त्याला ओरडू दिलं.

“येतेय,” ती म्हणाली. “नाही, माफी मागायला नाही. चिलखत घेऊन येतेय. नायकाला मोकळं ठेवा, चिलखतातही भीती कशी वाटते ते त्याला थेट सांगायचंय. त्यानंतरही त्याला छातीच दाखवायची असेल, तर टेंपो तसाच माघारी वळेल.”

फोन खिशात टाकून ती चिलखताचे बंद सोडू लागली.

“काढू नगंस,” वस्ताद म्हणाले. “तशीच जा.”