येसूबाईचं नाव

"...पण महाराज, आता माझं शिकायचं राहिलंय तरी काय?"

विश्वंभरनं त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा विचारलं. नऊ वर्षं तो सोपानगिरी महाराजांच्या मठात होता. सगळ्या पोथ्या मुखोद्गत. नदीपलीकडच्या गावाला पोरांना शिकवायला माणूस हवा होता आणि विश्वंभर तिकडे जायला उतावीळ झाला होता. अडलं होतं ते फक्त महाराजांच्या परवानगीवाचून.

महाराज ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"आपल्या येसूबाईला तिचं नाव लिहायला शिकव. मग बोलू."

येसूबाई मठाची स्वयंपाकीण. साठी उलटलेली, अक्षराची ओळख नाही. विश्वंभरला मनातून हसू आलं. हा तर त्याच्या हातचा मळ होता.

"शिकलीच म्हणून समजा," तो म्हणाला.

दुपारी भांडी आवरली की दोघं स्वयंपाकघरात बसायचे. मध्ये धूळपाटी, म्हणजे बारीक वाळू पसरलेली फळी. अलीकडे विश्वंभर ताठ मांडी घालून, पलीकडे पदर खोचलेली येसूबाई. तो बोटानं अक्षरं काढायचा, ती बघून बघून तशीच काढायची. पाचव्या दिवशी तिचं नाव त्याला अगदी सुबक दिसलं.

तो तडक महाराजांना बोलावून घेऊन आला. मागोमाग चार शिष्यही आले.

"काढ बाई, त्या भिंतीवर," महाराज म्हणाले.

येसूबाईनं चुलीतला गार कोळसा उचलला. जीभ दातांत धरून, उजवीकडून सुरुवात करून तिनं नाव काढलं. रेघ सरळ, वळणं गोल... आणि सगळं नाव खाली डोकं वर पाय!

शिष्य फिदीफिदी हसले. विश्वंभरचा चेहरा पडला.

"अहो बाई, उलटं काढलंत सगळं!"

"उलटं कसं? तुमी दावलं तसंच काढलं की."

"मी असं दाखवलं?"

महाराजांनी भिंतीकडे पाठ केली, धोतर आवरलं, सत्तरीचं शरीर कमरेत वाकवलं आणि स्वतःच्या दोन पायांमधून भिंतीकडे पाहिलं.

"बरोबर आहे की!" ते खालूनच ओरडले.

आता येसूबाईलाही हसू आवरेना. शिष्यांनी धरून महाराजांना सरळ उभं केलं. विश्वंभर तेवढा हसला नाही. आता परवानगी कसली मिळते, या विचारानं त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"तुला पहिलं अक्षर कुणी शिकवलं रे?" महाराजांनी विचारलं.

"गोदाआत्यानं."

"ती कुठं बसायची?"

"ती..."

विश्वंभर थांबला. गोदाआत्या मागे बसायची. तो तिच्या मांडीत. तिची हनुवटी त्याच्या डोक्यावर, तिच्या हातात त्याचं बोट. वाळू गुदगुल्या करायची. पहिला 'ग' जमला तेव्हा आत्यानं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला होता आणि मग दिवसभर त्याला पळीत, कडीत, गाईच्या शिंगांत अक्षरंच दिसत होती. किती वर्षांत आठवलं नव्हतं हे! त्याला एकदम फार बरं वाटलं.

त्यानं येसूबाईला पुन्हा पाटीशी बसवलं. मग समोर न बसता तो पाटीला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसला.

"मावशी, माझ्या हातावर हात ठेवा."

ती संकोचली. मग पिठानं खरखरीत झालेला हात तिनं त्याच्या हातावर ठेवला. चार वेळा दोघांनी मिळून नाव काढलं. पाचव्या वेळी तिनं त्याचा हात बाजूला सारला.

"व्हा तिकडं. माझं मी काढते."

आणि काढलं! पाटीवर, मग परातीतल्या पिठात, मग चुलीपुढच्या राखेत. सगळीकडे येसू, येसू, येसू. सगळी सुलटी.

"आता माझ्या लेकीचं दावा. जनाचं!"

"जना! हे बघा, आधी अशी उभी रेघ..." विश्वंभर पार राखेत वाकला होता. नाकाला राख, कपाळाला राख.

"विश्वंभर," दारातून महाराज म्हणाले, "तुला ती परवानगी हवी होती ना?"

"कसली, महाराज?" त्यानं मान वर न करताच विचारलं. "मावशी, थांबा, थांबा... हां, आता गोल!"

महाराज हसत वळले.

"उद्या सकाळच्या होडीनं नीघ."