पहिलं आधण

"किती आले?" अण्णांनी विचारलं.

सुधन्वा उंबऱ्यातच उभा. गळ्यात कॅमेरा, बुटांना मळी चिकटलेली, आणि चेहरा असा पडलेला की बघवत नव्हतं.

"अरे, फोटो किती आले?"

"एकही नाही, अण्णा."

हे अण्णा खराडे, कोल्हापुरातले जुने फोटोग्राफर. अजून रिळावरच फोटो काढणारे. दिवाळी सरली की नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळावर जायचं आणि हंगामाचं पहिलं आधण, म्हणजे रसाची पहिली काहील, उतरताना ज्ञानू गुळव्याचा फोटो काढायचा, हा त्यांचा नेम. माणूस तोच, जागा तीच, वर्षाला फोटो एक. असे बावीस फोटो घराच्या भिंतीवर ओळीनं लावलेले होते.

त्या बावीस फोटोंपायीच सुधन्वा पुणं सोडून अण्णांकडे शिकायला आला होता. कुठल्या वर्षी कुठली लेन्स, उजेड कुठल्या बाजूनं, सगळं तोंडपाठ. येईल त्याला भिंतीपुढं उभं करून ऐकवायचा, अण्णांना मेलं बोलूच द्यायचा नाही! यंदा अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"तू जा," अण्णा म्हणाले.

झालं! दोन दिवस गड्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आज लागले होते.

"रीळ कॅमेऱ्यातल्या चक्रीत अडकलंच नव्हतं," तो म्हणाला. "खटका वाजत होता, आकडा पुढं सरकत होता. छत्तीस फोटोंच्या रिळावर एकोणचाळीस झाले, तेव्हा कळलं. तोवर काहील उतरली होती."



पहिलं आधण वर्षातून एकदाच. एवढ्या वर्षांची माळ आपल्या हातानं तुटली. आता अण्णा म्हणणार, बाबा, तू आपला पुण्याला जा. सुधन्वानं कॅमेरा गळ्यातून काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

अण्णांनी तो घेतला नाही.

"ज्ञानूनं कुठला हात घातला?"

"अं?"

"काहिलीत. गूळ झाला का बघायला हात घालतो ना तो?"

सुधन्वानं डोळे मिटले.

"उजवा गार पाण्यात बुडवला. मग थांबले... मग डावा भिजवून घातला. उजव्याची बोटं यंदा वळत नाहीत म्हणाले."

अण्णांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"चुलवाणात जाळ कोण घालत होतं?"

"त्यांची सून, सोनाबाई. पहिल्यांदाच बसली होती जाळाला. भुवया भाजल्या तिच्या. सासरे हसले तर म्हणते, मामंजी, तुमच्या तरी कुठं राहिल्यात?"

अण्णा खो खो हसले. डोळ्याला पाणी आलं तसं डॉक्टरांची आठवण होऊन सदऱ्याच्या बाहीनं नुसतं गालावरचं टिपलं.

"आणि पिशवीत दुसरं रीळ होतं की रे."

"होतं."

"मग दुसऱ्या आधणाचा काढायचा! काहिलीवर काय नंबर लिहिलेला असतो? मला काय कळणार होतं?"

सुधन्वाचे कान लाल झाले.

"मनात आलं होतं, अण्णा. खोटं कशाला सांगू... पण मी डोकं धरून बसलो होतो. ज्ञानूकाका म्हणाले, रडतोस कशाला, ऊठ, चिपाडं ओढ. मग ओढली."

"किती वेळ?"

"दिवस मावळेपर्यंत."

"गूळ खाल्लास?"

"जीभ भाजली."

"हं..." अण्णा म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा काढून पुसू लागले.

सुधन्वाला राहवेना.

"बोला ना, अण्णा. रागवा तरी! बावीस वर्षांत तुमचं एकदाही असं झालं नाही."

"पंचवीस."

"काय पंचवीस?"

"वर्षं. पंचवीस वर्षं जातोय मी तिथं."

"फोटो तर बावीसच आहेत..."

"पहिली तीन वर्षं ज्ञानूनं मला पिशवीतून कॅमेरा काढू दिला नाही. चिपाडं ओढ म्हणाला. ओढली."

सुधन्वानं भिंतीकडे पाहिलं. पहिल्या फोटोच्या अलीकडं भिंत मोकळी होती. तीन फोटो मावतील एवढी. खिळेसुद्धा ठोकलेले होते, तीन. दोन वर्षं तो याच भिंतीपुढं उभा राहून लोकांना सांगत आला होता, आणि ते खिळे त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

त्याचा जीव भांड्यात पडला. इतका, की तो तिथंच उंबऱ्यावर फतकल मारून बसला. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

"म्हणजे अण्णा, मी... पुण्याला जाऊ नको?"

अण्णा उठले. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा उचलला आणि परत त्याच्या गळ्यात घातला.

"तुझं एक झालं," अण्णा म्हणाले. "दोन राहिली."