राहीचा उलटा टाका

बोरखडीच्या ओढ्याकाठी ही अंगणाएवढी काळी शिळा आहे ना, तिला वाकळीचा दगड म्हणतात. घटस्थापनेआधी साऱ्या गावाच्या वाकळा धुऊन इथे वाळत पडतात. मधली चौकोनभर जागा मात्र मोकळी. तिथे पाय ठेवायचा नाही, पाहुणे असलात तरी.

त्याचे असे सांगतात. मोकाशाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. गावात राही नावाची बाई चिंध्या जोडून वाकळा शिवायची. डावरी होती, म्हणून तिचा टाका उलटा पडे. सारे गाव तिच्याच वाकळीखाली निजे, त्यामुळे तो टाका नुसत्या बोटांनाही कळे, म्हणे. तिची लेक अनशी देखणी, म्हणून मोकाशिणीने सून करून मागून नेली. दोन वर्षांनी त्याच मोकाशिणीने गावभर केले, “पळाली भवानी! नेसत्या हिरव्या लुगड्यानिशी पळाली!”

राहीने मान खाली घातली. आपणही लेकीला बोल लावला, हे तिला पुढे जन्मभर खात राहिले.

वर्ष सरायच्या आत मोकाशाच्या लेकाचे दुसरे लग्न ठरले. मोकाशिणीने चिंध्यांचे गाठोडे राहीपुढे टाकले. “लेकीनं आमचं नाक कापलं. तू नव्या सुनेला वाकळ तरी नीट शिवून दे.”

बाई महाचिक्कू, चिंधीसुद्धा फेकायची नाही. त्या चिक्कूपणानेच तिचा घात केला. गाठोड्यातून हिरवा पदर निघाला. पदराला जुने ठिगळ. टाका उलटा.

पळून गेली ती काय उघडी गेली?

राही रडली नाही. तिने सुई ओवली, आणि बोटे फुटली तरी सबंध वाकळ उजव्या हाताने शिवली.

लग्नाचे वऱ्हाड ओढ्यावर उतरले, मोकाशीण गावच्या बायांना घेऊन सामोरी आली, तेव्हा राहीने ती वाकळ या शिळेवर पसरली. मधोमध हिरवा पदर. “बायांनो, हात फिरवून बघा.” सरळ टाक्यांवरून हात फिरत गेले आणि एकेकीचा हात मधल्या ठिगळावर थांबला.

“विहीणबाई,” राही म्हणाली, “लुगडं आलं. माझी अनशी कुठाय?”

मोकाशिणीची नजर ओढ्यापलीकडे, आपल्या परसातल्या बुजवलेल्या पेवाकडे गेली. धान्याचे पेव ऐन सुगीत का बुजवले, हे तोवर कुणी विचारलेच नव्हते. उकरले. अनशी सापडली.

वऱ्हाड पाणीही न पिता फिरले. मोकाशाचा लेक परागंदा झाला. एवढ्याने राहीचे भागले नाही. का भागावे?

वाकळीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालून टाका बंद करायची आमच्याकडे रीत आहे. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला खाते, म्हणतात. राहीने त्या वाकळीचा हा कोपरा उघडाच ठेवला होता. पुढे मोकाशाचा अंमल सरला आणि गावाने मोकाशिणीला वाळीत टाकले. कुणी पांघरूणही देईना. पौषात कुडकुडत तिने राहीपुढे पदर पसरला. राहीने तीच वाकळ आणून तिच्या पायाशी ठेवली.

“घ्या विहीणबाई, तुमच्याच चिंध्या. अजून उपाशी आहे ती.”

मोकाशिणीचा हात काही पुढे झाला नाही. वाकळीची घडी तशीच राहिली आणि शेजारी ती काकडून मेली, म्हणे. राहीने माफ करायला हवे होते, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी आधी आपली लेक पेवातून उकरून काढावी, मग मला शिकवावे.

शिळेवरची मधली जागा अनशीची. आजही बोरखडीची लेक द्यायची झाली की मांडवात आधी सासरची वाकळ उलगडतात. नवरीची आई एकेक ठिगळ चाचपते. तिला हवा तेवढा वेळ ती घेते. तोवर अक्षता मुठीत राहतात, आणि सासरच्यांना कुणी बसा म्हणत नाही.