लांगरीआबांच्या तीन हाका

फार वर्षांपूर्वी, हिवरवडीची वेस अजून उभी होती तेव्हाची ही गोष्ट. गावात केरबा काटकर नावाचे, लढाईवरून परतलेले गृहस्थ राहत. पलटणीत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात आणि केरबा पलटणीत लांगरी होते, म्हणून साऱ्या गावाचे ते लांगरीआबा. एकशे चार वर्षं जगले. गावाला विचाराल तर एकशे दहा.

आबांची एक खोड होती. कुणाच्याही घरी कार्य असो, आचारी तेच. शेवटची पंगत बसली की ते एक पान वाढून बाजूला झाकून ठेवायचे. मग वेशीत जाऊन तीनदा हाक मारायचे, "जेवायचं ऱ्हायलंय का कुणी?" त्यानंतरच तपेलं घासायला द्यायचे. कुणी आलं नाही तर ते पान स्वतः खायचे, तोवर पोटात पाण्याशिवाय काही नाही. ती हाक तीन कोसांवर जायची आणि चरती गुरं माना वर करायची, असं म्हणतात.

यामागचं कारण त्यांनी फक्त नातीला, हौसाला सांगितलं होतं. लढाईत एकदा सगळे जेवले असं समजून त्यांनी भांडी घासून टाकली. घटकाभरानं टेहळणीवरचे सात जण आले. शिधा संपलेला. नुसतं पाणी पिऊन ते पुढच्या कामगिरीवर गेले आणि त्यातले चौघे परतलेच नाहीत.

"उपाशी गेली गं माझी माणसं," एवढं बोलून आबा उठून गेले.

पुढं हौसाचं लग्न निघालं. अक्षता गोरज मुहूर्तावर पडायच्या, म्हणून जेवणं आधी. वऱ्हाड आलं ते सांगितल्याच्या दुप्पट. खपली गव्हाची खीर कशीबशी पुरली. शेवटच्या पंगतीत नवरदेवाचे चुलते बापूराव बसले होते, मानपानाला टपलेला माणूस. त्यांनी दुसऱ्यांदा खीर मागितली. आता खीर उरली होती ती फक्त झाकलेल्या पानावर.

"ती काय झाकून ठिवलीया?" बापूरावांनी विचारलं.

"ते ऱ्हायलेल्याचं पान हाय, पाव्हणं," आबा म्हणाले.

"हितं बसलेला माणूस मागतोय, आन तुम्ही कुणासाठी राखताय?"

बापूराव भरल्या पानावरून उठले. नवरदेव माघारी नेतो म्हणाले. हौसाच्या बापानं आबांचे पाय धरले, "आबा, पोरीचा तरी इचार करा." हळदीच्या अंगानं हौसा दारातून सगळं बघत होती. पळीभर खिरीवर तिचा संसार अडला होता. आबांनी ती देऊन टाकावी असंच तिला वाटत होतं, आणि हे तिनं पुढं कधी लपवलं नाही.

आबांनी बापूरावांना हात जोडले. "तीन हाका मारू द्या. कुणी न्हाई आलं, तर खीर तुमची."

पहिली हाक गेली. कुणी नाही. दुसरी गेली. बापूराव खीर घ्यायला सरसावले. तिसऱ्या हाकेला ओढ्याकडून बारीक आवाज आला, "आले रं, बाबा."

काठी टेकत एक म्हातारी वेशीत आली. ती बापूरावांची आई. पाय धुवायला वाटेत उतरली होती. पुढच्या गाडीला वाटलं मागच्या गाडीत आहे, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या गाडीत. पहिली हाक तिनं दोन कोसांवर ऐकली आणि तिसरीला ती वेशीत पोचली, असं म्हणतात. हौसा म्हणायची, म्हातारी ओढ्यापलीकडंच वाट चुकून बसली होती.

आबांनी तिच्यापुढं पान मांडलं. पहिला घास घ्यायच्या आधी म्हातारीनं विचारलं, "माझा बापू जेवला का?"

बापूरावांनी पागोटं काढून हातात घेतलं. अक्षता वेळेवर पडल्या. त्या एका पानावरच्या खिरीनं अख्खं वऱ्हाड पुन्हा तृप्त झालं, असंही म्हणतात. खरं तर नंतर कुणी खीर मागितलीच नाही.

आबा गेले तेव्हा तेराव्याला हौसानं स्वतः रांधलं. पंगती उठल्यावर तिनं वेशीत जाऊन तीनदा हाक मारली आणि बराच वेळ उभी राहिली. कुणी आलं नाही. मग ती परतली, झाकलेल्या पानावर बसली आणि रडत रडत जेवली. पानावर काही ठेवलं नाही.

आज वेस पडून गेली आहे. तरी हिवरवडीत लग्न असो की जत्रा, तपेलं घासायच्या आधी कुणीतरी त्या जागी जाऊन तीन हाका मारतं. मांडवात माईक असतो, पण हाक तोंडानंच मारतात. बहुतेक वेळा कुणी येत नाही. हाक कुणीही मारावी, बाई, बाप्या, पोर. मारणाऱ्यानं स्वतः अजून जेवलेलं नसावं, एवढीच अट आहे.