चोरांनी जपलेली पत्रं

एका डोंगरी राज्यात कीर्तिसेन नावाचा राजा होता. गोष्ट फार जुनी, पण आजच्या संगणकवाल्यांनी आणि पासवर्ड सांभाळणाऱ्यांनीही ती कान देऊन ऐकावी.

राजाच्या गडावर एकही विहीर नव्हती. लांबच्या रानातल्या एका झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या पाटानं गडावर येई. तो झरा कुठं आहे, हे गडाचं सगळ्यांत मोठं गुपित. दर उन्हाळ्यात पाटातला गाळ काढावा लागे, म्हणून खालच्या गावातल्या मुकादमाला पत्र जाई. झऱ्याची वाट सांगणारं ते पत्र सांकेतिक लिपीत असे. राजाला त्या लिपीचा कोण अभिमान! "ही वाचणारा अजून जन्माला यायचाय," असं तो मिशीवर ताव देत सांगे.

एका वर्षी पत्र नेणाऱ्या जासुदाला चोरांनी गाठलं. त्याच्या पैशाला, घोड्याला हात लावला नाही. फक्त पत्राची नक्कल करून घेतली आणि त्याला सोडून दिलं. पुढच्या वर्षीही तेच झालं. अख्खा दरबार हसला. न वाचता येणारं पत्र चोरणारे चोर कुणी पाहिलेत का!

चिटणीस विसोपंत मात्र हसले नाहीत.

"महाराज, ते वाचणाऱ्याची वाट बघतायत. मी नवी, अवघड लिपी रचलीय. ती सुरू करू. आणि पाणी दुसऱ्या झऱ्यावरून आणू."

"पंत, नवा पाट खणायचा म्हणजे दोन वर्षं! एवढा खटाटोप कशाला? आधी वाचणारा येऊ तर दे."

"तो आला की आपल्याला सांगून येणार नाही, महाराज."

बारा वर्षं गेली. शेजारच्या राजाच्या पदरी एक गणिती बाई आलीय, ती कुठलीही जुनी लिपी सोडवते, अशी बातमी आली. राजाची झोप उडाली. त्यानं घाईघाईनं नवी लिपी लागू केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"आणि गेलेल्या पत्रांचं काय?" पंतांनी विचारलं. "झरा तर तिथंच आहे ना!"

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं त्याच दिवशी नव्या पाटाचं काम सुरू केलं. पण आठवडाही झाला नाही, तोच गडावर येणारं पाणी बंद झालं. शेजाऱ्यानं झरा अडवून गडाला वेढा घातला होता. टाक्यांचे तळ दिसू लागले. आया लेकरांच्या ओठांना ओलं फडकं लावू लागल्या. ते बघवेना, तेव्हा राजानं स्वतःच्या हातानं दरवाजा उघडला.

"आमच्यातला फितूर कोण, एवढं सांगा," तो खाली मान घालून म्हणाला.

शेजाऱ्यानं पिवळ्या पडलेल्या नकला त्याच्या हातात ठेवल्या. "फितूर कुणी नाही, राजे. तुमचीच पत्रं आहेत. बारा वर्षं आम्ही ती जपली. तुम्ही जपायला हवी होती."

तात्पर्य: गुपित जितकी वर्षं जपायचं, तितकी वर्षं टिकेल असं कुलूप आजच लावावं, आणि जे एकदा चोराच्या हाती गेलं, ते त्याला आज वाचता येत नाही म्हणून सुरक्षित समजू नये, ते बदलूनच टाकावं.