रांजणाभोवतीचा पडदा

पुष्कळ मागची गोष्ट आहे, बाबांनो. त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि झाडाचं पान हलत नव्हतं.

अशा कोंदट हवेत निळीचा रांजण लवकर नासतो. त्या गावात हे एकालाच ठाऊक होतं, थोरल्या रंगाऱ्याला. रांजणातला रंग पिकून तयार झाला की नासला, ते तो वासावरून ओळखी. त्याच्या निळ्या कापडासाठी लांबचे व्यापारी येत. ते येत म्हणून तेल्याचा घाणा फिरे, कुंभाराची भट्टी पेटे. सारं गाव त्या रांजणावरच जेवत होतं म्हणा ना.

पण रांजणाभोवती पडदा असे. पाणी भरणाऱ्या बायांनी घागर बाहेर ठेवायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं, अशी रीत.

त्यांतली हौसा जरा धीट. तिनं एकदा विचारलं, "दादा, रोज वास निराळा येतो. त्यातला चांगला कुठला, एवढं तरी सांगा की."

"तू शिकलीस तर पाणी कोण भरणार, मी?" रंगारी हसला. "आणि मग मला थोरला कोण म्हणेल?"

हौसानं पुन्हा विचारलं नाही.

पुढं रंगाऱ्याला ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येईना. मान जाईल म्हणून तो कुणाला बोलला नाही. अंदाजानंच रांजण चालवू लागला.

आणि मग तो कोंदट दिवस आला. रांजण नासला. बाहेर बायांना उग्र घाण आली. हौसानं नाकाला पदर लावला. पण ही घाण बरी की वाईट, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती पाठ फिरवून उभी राहिली. आत रंगाऱ्यानं वर्षाचं सगळं कापड रांजणात बुडवलं.

पहिल्याच धुण्यात रंग उतरला. व्यापारी नदीपलीकडच्या गावाकडे वळले. तिथं पाणी भरणाऱ्यांच्या लेकीसुनाही रांजणावर बसत, रंग शिकत.

इकडे भट्टी विझली. घाणा थांबला. शेवटी रंगाऱ्यानं आपल्या हातानं पडदा काढला आणि हौसाला काम शिकवायचं म्हणून बोलवायला गेला. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. पोटामागं ती केव्हाच नदीपार गेली होती.

रंगारी तिथंच पायरीवर बसला. शेजारचा म्हातारा तेली त्याच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मानासाठी पडदा लावलास, दादा. पण विद्या एका घरात कोंडली, की आधी गाव उपाशी राहतं, आणि मग ते घर."